लस घेऊनही सासऱ्यांना फ्लू झाला. मग ही लस दरवर्षी घ्यायची कशासाठी?

सायली_म

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात आम्ही चौघं: मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सासरे. सासरे ७४ वर्षांचे. मधुमेह आहे, बाकी एकदम खुटखुटीत. गेल्या महिन्यात लेक दुपारी शाळेतून उड्या मारत आली आणि संध्याकाळी १०३ ताप. "मला हात लावू नको, दुखतंय" म्हणून रडायला लागली. केस विंचरायला घेतले तरी ओरडत होती. दोन दिवसांनी सासऱ्यांनी अंथरूण धरलं. त्यांना ताप असा फार नव्हताच, ९९-१०० च्या मध्ये घोटाळत होता. पण पलंगावरून उठवेना.

आम्ही म्हटलं, व्हायरल असेल, चार दिवसांत उतरेल. घरात मागच्या कुठल्याशा आजारातलं अर्धं राहिलेलं अँटिबायोटिक होतं, ते सुरू केलं. (ओरडू नका, आता कळलंय.) चौथ्या दिवशी बाथरूमपर्यंत जाऊन आले तर वाक्य पुरं करता येईना इतकी धाप. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९१. मग धावाधाव. नाकात काडी घालून तपासणी झाली आणि रिपोर्ट आला: इन्फ्लुएन्झा ए, एच३एन२. सहा दिवस दवाखान्यात काढले. आता घरी आहेत, पण अजून जिन्याच्या तीन पायऱ्यांवर थांबतात.

आता माझी अडचण. त्यांनी लस घेतली होती! मीच मागे लागून नेलं होतं. नवरा म्हणतो लसीनेच झालं. सासरे बोलत काहीच नाहीत, पण पुढच्या वर्षीच्या लसीचा विषय काढला की भिंतीकडे तोंड करून झोपतात.

लस घेऊन फ्लू होतोच कसा? ही एकच लस दरवर्षी का घ्यावी लागते, गोवरासारखी एकदाची का होत नाही? आणि लहान मूल आणि म्हातारं माणूस एकाच छपराखाली असताना नेमकं करायचं काय? कुणी जाणकार असेल तर सांगा. नेटवर वाचून डोक्याचा भुगा झालाय.

रोखठोक

आमच्याकडे कुणीच घेत नाही. मी एकदा घेतली होती, दुसऱ्या दिवशी कणकण आणि दंड ठणकतोय. पैसे देऊन आजार विकत घ्यायचा धंदा. त्यापेक्षा फ्लू परवडला. औषध घेतलं तर आठवड्यात बरा होतो आणि नाही घेतलं तर सात दिवसांत.

आणि माझी एक साधी शंका. व्हायरस दरवर्षी बदलतो म्हणे. मग पुढच्या वर्षी कुठला येणार हे लस बनवणाऱ्यांना आधी कसं कळतं? तिथे ज्योतिषी बसवलेत का?

पिपेटवाली

सायली, ९१ वाचून पोटात गोळा आला गं. घरी आलेत हे बरं झालं. दम भरून यायला वेळ लागेल, घाई करू देऊ नकोस.

आधी हे सांगते की मी डॉक्टर नाही. व्हायरसच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून २९ वर्षं काढली, त्यातली बहुतेक फ्लूच्या टेबलावर. आता निवृत्त. गोळी किती आणि कधी हे मला विचारू नका. पण हा व्हायरस वागतो कसा, ते रोज बघितलंय.

रोखठोक, ज्योतिषी नव्हते हो. आमच्यासारख्या बायका बसलेल्या असायच्या, प्लेटी तिरक्या करून बघत. कसं ते सांगते, म्हणजे सायलीच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच येईल.

पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट असते, ९६ खळग्यांची. फ्लूच्या व्हायरसच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. 'एच३एन२' मधला एच तो. व्हायरस त्यानेच आपल्या घशातल्या पेशीला चिकटतो. तो तांबड्या रक्तपेशींनाही तसाच चिकटतो. खळग्यात व्हायरस आणि रक्तपेशी एकत्र टाकल्या की तो पेशींना एकमेकींत गुंतवून ठेवतो, आणि खळगाभर फिकट गुलाबी जाळं पसरतं. पण त्याआधी त्या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडीज टाकल्या असतील, तर एचची तोंडं आधीच बांधलेली असतात. मग रक्तपेशी सुट्या सुट्या खाली बसतात आणि तळाशी मधोमध लाल ठिपका जमतो. अर्धा-पाऊण तास थांबायचं, प्लेट उचलून तिरकी धरायची. ठिपका अश्रूसारखा खाली ओघळला की समजायचं, अँटिबॉडीने व्हायरसला अडवलं. ओघळ मोजण्यात माझी ऐन उमेद गेली. रक्तपेशींची ही गंमत जॉर्ज हर्स्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९४१ साली पाहिली, आणि इतकी यंत्रं आली तरी ही तपासणी अजून चालू आहे.

आता खरी गोष्ट. अँटिबॉडीज असलेलं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी, दुप्पट-दुप्पट पातळ करत ओळीने टाकत जायचं. गेल्या वर्षीच्या व्हायरसला ते १२८० पट पातळ करूनही अडवायचं. यंदा रुग्णाच्या नाकातून आलेल्या व्हायरसला मात्र १६० पटीच्या पुढे अडवेना, असं व्हायचं. ओघळ थांबू नये तिथे थांबायचा. म्हणजे आठपट फरक. तेव्हा आम्ही मान वर करून एकमेकींकडे बघायचो आणि एकच शब्द बोलायचो, "बदलला."

बदलतो का, तर त्याला स्वतःची नक्कल धड करता येत नाही म्हणून. त्याचं सगळं बाड आरएनएमध्ये लिहिलेलं, आणि नक्कल करताना झालेल्या चुका तपासणारा कुणी नाही. हजारो चुका वाया जातात, पण एखादीने एचचा चेहरा जरासा बदलतो आणि आपल्या शरीराला ओळख पटत नाही. गोवराच्या व्हायरसला हे असं चेहरा बदलून निभावत नाही, म्हणून तिथे लहानपणी घेतलेल्या डोसांवर जन्म निघतो. फ्लूचं हे दरवर्षीचं थोडंथोडं. कधीतरी मात्र तो एकदम सगळं सोंगच बदलतो. त्याचं बाड आठ तुकड्यांत असतं, आणि दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. १९५७, १९६८ आणि २००९ च्या साथी अशा अदलाबदलीतून आल्या. २००९ चा 'स्वाईन फ्लू' आता दरवर्षीच्या फ्लूंपैकीच एक होऊन बसलाय. रिपोर्टवर एच१एन१ दिसलं की आजही लोकांची गाळण उडते. पण म्हाताऱ्या माणसांना त्रास जास्त देणारा बहुधा सायलीच्या सासऱ्यांना झालेला एच३एन२ असतो.

तर जगभरच्या प्रयोगशाळांतून हे ओघळांचे हिशेब आणि व्हायरसचे नमुने एकत्र होतात. जागतिक आरोग्य संघटनेचं हे जाळं १९५२ पासून आहे. त्यावरून वर्षातून दोनदा ठरतं की लसीत कोण कोण घालायचे. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. उष्ण प्रदेशांत फ्लू पावसाळ्यातही उसळतो, काही ठिकाणी वर्षभर रेंगाळतो. तिथे आपल्या साथीच्या आधी जी ताजी मिळेल ती घ्यायची.

मग इतकं करून चुकतं कुठे? वेळेत. लस अजूनही मुख्यतः कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात. नऊ ते अकरा दिवसांची अंडी. अंधारात दिव्यासमोर धरली की आतल्या शिरा दिसतात आणि गर्भ हललेला दिसतो, असं प्रत्येक अंडं बघून घ्यायचं. निवड झाल्यापासून कुप्या भरून होईपर्यंत सहा महिने लागतात. आपण फेब्रुवारीत माप घेऊन कपडा शिवायला टाकतो, तो हातात येईपर्यंत पोरगं दोन बोटं वाढलेलं असतं. आणि एच३एन२ इतका लबाड की अंड्यात वाढता वाढताच अंड्याला सोयीचा असा थोडा बदलतो. म्हणून आता काही लसी अंड्याऐवजी पेशींत वाढवून करतात.

आता लस घेऊन फ्लू होतो का? होतो. जमलेल्या वर्षी ही लस डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. याचा अर्थ लोक असा लावतात की शंभरांनी घेतली तर पन्नासांना फ्लू होणारच. तसं नाही. समजा लस न घेतलेल्या शंभरांतल्या दहांना झाला असता, तर घेतलेल्या शंभरांत पाचेकांना होईल. त्या पाचांतही दवाखान्यात भरती होण्याची, अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ कमी जणांवर येते. आमच्या विभागात लस घेतल्यानंतरही कुणाला फ्लू झाला की आम्ही नवल करत नसू. विचारायचो ते एवढंच, "श्वास कसा आहे?"

रोखठोक, तुमचा दंड दुखला आणि कणकण आली ती खरीच, पण तो फ्लू नव्हे. दंडात टोचायच्या लसीत जिवंत व्हायरस नसतोच. मारून तुकडे केलेला असतो, किंवा नुसतं प्रथिन. त्याने फ्लू होऊ शकत नाही. शरीर जागं झालं की एक-दोन दिवस कुरकुर करतं. नाकात फवारायची एक लस असते, तीत दुबळा केलेला जिवंत व्हायरस असतो, पण ती म्हाताऱ्या माणसांना देतच नाहीत.

सायली, एक काम कर. फाइल काढ आणि दोन तारखा बघ. लस कधी टोचली, आणि त्यांना पहिल्यांदा बरं वाटेनासं झालं कधी? मला एक शंका आहे.

अवांतर: ते ओघळ बघायला लागणारं सीरम फेरेट नावाच्या प्राण्याचं असतं. मुंगसासारखा लांबुळका. त्याला माणसाचा फ्लू अगदी माणसासारखा होतो, ताप, शिंका, सगळं. १९३३ साली लंडनला माणसातला फ्लूचा व्हायरस पहिल्यांदा हाती लागला तो याच्याच कृपेने. पुढे एक आजारी फेरेट तिथल्या संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि साहेबांना फ्लू झाला. त्यांनी काय केलं, तर स्वतःच्या घशातून व्हायरस काढून कामाला लावला!

वाटसरू

पिपेटवाली ताई, अप्रतिम प्रतिसाद. रोखठोक यांच्या 'सात दिवसांत बरा' वर माझा अनुभव देतो.

वय ४१, रोज पाच किलोमीटर पळणारा, कसलंही औषध नाही. मागच्या मोसमात फ्लू झाला. चार दिवस मेल्यासारखा पडून होतो. पाचव्या दिवशी ताप गेला, सहाव्या दिवशी दाढी करून कामावर हजर. सातव्या रात्री दात वाजतील अशी थंडी भरली, १०४ ताप, उजव्या कुशीत श्वास घेताना सुरी खुपसल्यासारखं, आणि बेडका विटकरी रंगाचा. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोलून ठेवलं आणि मागून बॅक्टेरिया घुसले. आधी फ्लूने उघडं केलेलं घर, मग चोरी. या वेळी अँटिबायोटिक खरंच लागलं आणि लागूही पडलं. पुन्हा पळायला लागायला नऊ आठवडे गेले.

ताप उतरून दोन दिवसांनी परत चढला तर 'राहिलेला असेल' म्हणून झोपू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मी एक रात्र काढली, ती काढायला नको होती.

सायली_म

ताई, फाइल काढली. लस मंगळवारी टोचली. आणि त्यांनी अंथरूण धरलं ते पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. नऊ दिवस.

नवऱ्याचं म्हणणं हेच की 'आठ-नऊ दिवसांत लगेच झाला, म्हणजे लसीनेच.' तुम्हाला हीच शंका होती का? लेकीला तर अजून एकदाही दिलेली नाही, लहान मुलांना कशाला म्हणून. आणि वाटसरू यांचं वाचून आता ताप मोजत बसलेय सगळ्यांचा.

पिपेटवाली

हीच होती. लस टोचली की अँटिबॉडीज पुरेशा तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. व्हायरस अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस, बहुधा दोन. म्हणजे तुझ्या सासऱ्यांना संसर्ग झाला तो टोचल्याच्या सातव्या-आठव्या दिवशी, लेकीकडून. तेव्हा त्यांचं शरीर अजून तयारीतच होतं. लसीने फ्लू दिला नाही, आणि अडवला नाही म्हणून तिला नापासही करता येत नाही. ती परीक्षेला पोचलीच नव्हती. साथ दाराशी आल्यावर लस घेतली की असं होतं. नवऱ्याला तारखा दाखव, तोंडी वाद घालू नकोस.

वय झालेल्यांचं शरीर लसीला प्रतिसादही जरा थंडच देतं. म्हणून ६५ च्या पुढच्यांसाठी जास्त मात्रेच्या लसी निघाल्यात. जिथे मिळतात तिथे डॉक्टरांना विचारावं. आणि मिळालेलं संरक्षण महिन्यामहिन्याने उतरत जातं, हे दरवर्षी घेण्याचं दुसरं कारण.

आता लेकीबद्दल. 'लहान मुलांना कशाला' हे नेमकं उलटं आहे. फ्लू घरात बहुतेक वेळा मुलंच आणतात. त्यांच्यातून व्हायरस मोठ्यांपेक्षा जास्त दिवस बाहेर पडत राहतो. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना लस देता येते. आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर कमीत कमी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, एका डोसाने त्यांचं भागत नाही. फ्लू होऊन गेला तरी द्यावी, कारण लसीत एकच व्हायरस नसतो. ए चे दोन आणि बी चा एक. मध्ये काही वर्षं बी चे दोन होते, पण त्यातला यामागाटा नावाचा मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलाच नाही, म्हणून त्याला वगळलं. करोनाच्या काळात माणसं घरात बसली आणि फ्लूचं एक घराणंच बहुधा बुडालं. आमच्या फ्रीजरमध्ये मात्र त्याच्या कुप्या होत्या!

घरात काय करायचं, ते मी माझ्या चुकीवरून सांगते.

निवृत्तीनंतरचं दुसरं वर्ष. नोकरीत असताना लस टेबलावर यायची, दंड पुढे केला की झालं. त्या वर्षी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. एका बुधवारी घसा जरा खवखवत होता, बाकी काही नाही. आईच्या उशाशी बसून तिची नखं कापली, तासभर गप्पा मारल्या. गुरुवारी दुपारी मला सणकून ताप. २९ वर्षं जे इतरांना सांगत होते, की फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून व्हायरस पसरवतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो, ते स्वतःच्या घशाला लागू केलं नाही. शनिवारी आई मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायला लागली. ताप नाही, खोकला नाही. नुसती भांबावलेली, आणि पाणीसुद्धा नको म्हणायची. म्हाताऱ्या माणसांत फ्लू असा येतो, तुझ्या सासऱ्यांचा ९९ ताप बघ. अकरा दिवस दवाखान्यात. घरी परत आली, पण वॉकर घेऊन, तो पुढे सुटला नाही.

म्हणून आमच्याकडे आता घसा खवखवला की माणूस आईच्या खोलीत जात नाही. ताप येण्याची वाट बघत नाही. आत जावंच लागलं तर मास्क लावून, आणि खिडकी उघडून. आजारी माणसालाही मास्क, नुसतं सेवा करणाऱ्याला नाही. दाराची मूठ, रिमोट, नळ या टणक गुळगुळीत वस्तूंवर हा व्हायरस २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापडावर त्याहून कमी, हातावर तर काही मिनिटंच. पण तेवढ्या मिनिटांत आपण डोळा चोळतो. साबण त्याच्यावर उत्तम चालतो, कारण त्याचं बाहेरचं आवरण मेदाचं आहे, ते साबणाने विरघळतं. वीस सेकंद चोळायचं, नखांच्या कडांनाही. शाळेत पाठवायचं ते पॅरासिटामॉल न देता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हाच. सकाळी गोळी देऊन ताप दाबून पाठवणारे पालक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

औषधाचं एक. ओसेल्टामिविर म्हणून गोळी असते, ती डॉक्टर ठरवतील. पण तिचं घड्याळ समजून घे. 'एच३एन२' मधला एन म्हणजे न्यूरामिनिडेज, ही व्हायरसची कात्री. नवे व्हायरस पेशीतून बाहेर पडताना तिथेच चिकटून बसू नयेत म्हणून हा धागे कापत जातो. गोळी ती कात्री बोथट करते. सगळं कापून झाल्यावर बोथट करून फारसं हाती लागत नाही, म्हणून पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर फायदा सगळ्यात जास्त. आजार गंभीर असेल, भरती केलं असेल तर उशिरासुद्धा देतात. सासऱ्यांसारख्या माणसाला, म्हणजे ६५ च्या पुढचं वय, मधुमेह, दमा, हृदयविकार, गरोदर बाई, अगदी लहान मूल, 'चार दिवस बघू' हे धोरण नको. पहिल्याच दिवशी फोन. पटकन होणारी तपासणी निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होऊ नका, ती बरेच फ्लू चुकवते. पीसीआर जास्त भरवशाची.

आणि मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. फ्लूमध्ये त्याने राय सिंड्रोम नावाचा यकृताचा आणि मेंदूचा भयंकर आजार होऊ शकतो. मोठ्यांना हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका, तो वेगळा हिशेब आहे. उलट फ्लूच्या दिवसांत हृदयाकडे जास्तच लक्ष हवं. कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट दिसलं होतं.

वाटसरूंनी सांगितलेलं, परत चढणारा ताप, ते कागदावर लिहून फ्रीजला लाव. त्याच्या खाली: धाप, छातीत दुखणं, भांबावणं, लघवी कमी होणं, ओठ निळसर पडणं, आणि मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणं. यातलं एकही दिसलं तर धाग्यावर विचारत बसायचं नाही, निघायचं.

रोखठोक

ताई, ओघळाचं वाचलं. ज्योतिषी म्हटलं ते मागे घेतो, शिंपी म्हणतो. लस घेईन की नाही ते अजून सांगत नाही, पण आईला घेऊन जातो. तिला दमा आहे. अंड्याची ॲलर्जी असेल तर चालते का? तिला अंड्याने पुरळ येतं.

पिपेटवाली

चालते. पूर्वी फार घाबरायचे, आता अंड्याच्या ॲलर्जीमुळे लस अडवत नाहीत. टोचणाऱ्याला आधी सांगा, आणि टोचल्यावर थोडा वेळ तिथेच बसवा. पूर्वी फ्लूच्याच लसीची जोरदार रिॲक्शन आली असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आणि शिंपीबुवा, दम्याच्या आईजवळ बिनलसीचा मुलगा बसणार असेल तर माझी नखं कापण्याची गोष्ट परत एकदा वाचा.

सायली_म

रात्री नवऱ्यापुढे दोन तारखा ठेवल्या. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले, दोनदा मोजले, आणि "मग आधीच न्यायला हवं होतं" म्हणाला. म्हणजे चूक फिरून माझ्याकडेच आली, पण चालेल.

लेकीला आज पहिला डोस दिला. दुसरा २८ दिवसांनी, त्या तारखेला लाल गोल केलाय. तिघांनीही पुढच्या वर्षी साथीच्या महिनाभर आधी जायचं ठरलं. यादी फ्रीजवर लागली.

बाबांना धागा वाचून दाखवला, अगदी प्लेटच्या ओघळापासून. भिंतीकडेच तोंड होतं, मला वाटलं झोपले. वाचून झाल्यावर दोन मिनिटांनी म्हणाले, "त्या बाईंना विचार, ते शिंकलेलं फेरेट बरं झालं का?"